सदतिसाव्या पानावरची वकिलीण

बाई, मागच्या मंगळवारी सायखेड्याच्या मावशी कोर्टात आल्या होत्या. त्याच, ज्यांना मी एकदा जिवंतपणी मयत करून टाकलं होतं. आता कमरेत वाकल्या आहेत, पण आवाज तसाच, दहा टेबलांपलीकडे ऐकू जाणारा. माझ्या गाळ्याच्या पायरीवर बसून त्यांनी शेजारच्या झेरॉक्सवाल्याला विचारलं, "आमच्या वकिलीणबाई हितंच बसायच्या का रं?" तो म्हणाला, "कोणत्या वकिलाची बायको, आजी?" मी आतून ते ऐकलं आणि माझा हात कीबोर्डवर तसाच थांबला. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. त्या बारा वर्षांत मी एक गोष्ट कोणाला सांगितली नाही, आणि तुम्ही होतात तेव्हाही सात महिने ती तुमच्यापासून लपवली. जाताना तुम्ही माझ्याबद्दल एक चांगला गैरसमज बरोबर घेऊन गेलात. तो तसाच राहिला तर माझं काही बिघडत नाही. पण चुकीचा मजकूर माझ्या बाजूचा असला तरी मला खपत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. म्हणून लिहायला बसलो.

सुरुवातीपासून सांगतो. मधूनच सांगितलेली हकीकत तुम्ही कधी ऐकून घ्यायचा नाहीत. मी मनमाडच्या रेल्वे क्वार्टर्समधला, गणितात दोनदा गचकलेला, सातपूरला एका कारखान्यात वर्षभर हेल्परकी करून कंटाळलेला. टायपिंगच्या क्लासला मी कधी गेलो नाही. मराठी टाइपरायटरचा कळफलक मी एका पुठ्ठ्यावर काढला, प्रत्येक कळ मोजून, आणि त्या पुठ्ठ्यावर आठ महिने बोटं आपटली. खऱ्या मशीनवर पहिल्यांदा बसलो तेव्हा न बघता चाळीस शब्दांचा वेग होता. हे मी ज्याला त्याला सांगायचो, तुम्हालाही सांगितलं, आणि तुम्ही म्हणालात, "वेग कळला. आता अचूकपणा बघू." नव्वद सालानंतरचे ते दिवस. कोर्टाच्या आवारात कडुनिंबाखाली आमची टेबलं, समोर कार्बन लावलेले चार चार कागद, आणि बार रूममध्ये ज्यांना सगळे 'मॅडम' म्हणायचे अशा तुम्ही, पांढऱ्या साडीवर काळा कोट घालून, ऊन टाळत, फाईल डोक्यावर धरून माझ्याकडे यायचात.

मावशींचं प्रतिज्ञापत्र हे तुमचं माझ्याकडचं पहिलं काम. नवरा वारलेला, आणि भाऊ वडिलांच्या जमिनीतला हिस्सा देत नव्हते. मी अर्ध्या तासात काम उरकलं आणि ऐटीत कागद पुढे केला. तुम्ही तो हातात घेतला आणि शेवटच्या ओळीपासून वर वाचत गेलात. मला वाटलं, या बाईंना वाचायची घाई झालेली दिसते. वर पोचल्यावर तुम्ही चष्मा काढला.

"महाशय, तुम्ही या बाईंना मारून टाकलंत."

"काय?"

"'मयत' हा शब्द त्यांच्या यजमानांच्या नावामागे हवा. तुम्ही तो यांच्या मागे लावलाय. आणि या तर तिकडं चहा पिताहेत."

मावशींनी बशी खाली ठेवली. "मेले व्हय मी? बरं झालं. आता हिस्सा मागायला भूतच धाडते भावाच्या घरी. मानसाला नाय म्हनतो, भुताला म्हन म्हनावं नाय!"

आवारातले सगळे टायपिस्ट हसले. माझे कान तापले. मी खोडायला रबर उचललं तर तुम्ही माझा हात अडवलात. खाडाखोड झाली तर शेजारी सही पाहिजे, आणि सही करणाऱ्याला आपण काय खोडलं ते सांगता आलं पाहिजे, म्हणालात. मग सगळा कागद नव्यानं करून घेतलात. त्या दिवशी तुम्ही मला दोन गोष्टी शिकवल्यात. एक, मजकूर तपासायचा तर शेवटाकडून वाचायचा. सरळ वाचलं की अर्थ लागत जातो, आणि अर्थ लागला की डोळे फसतात. दुसरी, त्याच कागदावरची. मावशी म्हणाल्या होत्या, 'भावांनी मला उंबऱ्याभाईर उभं केलं', आणि मी टाइप केलं होतं, 'प्रतिवादींनी मज्जाव केला'. तुम्ही म्हणालात, "साक्षीदाराच्या तोंडचा शब्द बदलायचा नाही. तो त्याचा असतो. आपण फक्त लिहून घेणारे." ही दुसरी गोष्ट लक्षात ठेवा. म्हणजे तुमच्या लक्षात आहेच, मी माझ्यासाठीच लिहितोय.

मावशींना मात्र तुम्ही वकील आहात हे पटायला वर्ष गेलं. पंडित कॉलनीतल्या तुमच्या घरी मी रविवारी कागद घेऊन यायचो, तेव्हा त्या दोनदा तरी तिथे भेटल्या. दार साहेब उघडायचे, तुमचे यजमान, बँकेतून निवृत्त झालेले, बनियनवर. मावशी थेट त्यांच्या पायाकडे वाकायच्या. "वकीलसायेब, तारीख कवाची हाय?" साहेब दोन पावलं मागे सरकायचे. "अहो, मी नाही. आत जा. वकील पोळ्या लाटताहेत." मावशी आत डोकावायच्या, तुम्हाला बघायच्या आणि परत साहेबांकडे वळायच्या. "त्या वकिलीणबाई हायेत, ठावं हाय मला. पर वकीलसायेब कुठं हायेत?" त्यांच्या लेखी वकिलीण म्हणजे वकिलाची बायको. पाटलाची पाटलीण तशी वकिलाची वकिलीण. मग वकीलसाहेब कुठेतरी असलेच पाहिजेत, हा त्यांचा साधा हिशोब. तुम्ही रागावायचा नाहीत. पीठ लागलेल्या हातानं तारीख सांगायचात, तव्यावरची पोळी उलटायचात, आणि मला म्हणायचात, "ओट्यावर ठेवा कागद, तेलापासून लांब." मी त्या स्वयंपाकघरात उभा आहे, कुकरची तिसरी शिट्टी होते आहे, तुम्ही उलथनं हातात धरून माझं पान शेवटाकडून वाचताय, आणि तुम्हाला चूक सापडू नये म्हणून मी देव आठवतोय, असं अजूनही होतं कधीकधी. चूक सापडली नाही की तुम्ही काही बोलायचा नाहीत. गरम पोळीवर तूप-गूळ घालून गुंडाळी हातात द्यायचात. तुमचं काम करायला लागल्यापासून चौथ्या वर्षी मी सलग अकरा रविवार गुंडाळी खाल्ली आहे. मोजली होती.

दसऱ्याला मी मशीनला झेंडूची माळ घालायचो. एका दसऱ्याला तुम्ही आवारात आलात, बगलेत मोठा थोरला मराठी शब्दकोश, कापडी बांधणीचा. माळेखाली मशीनला टेकवून ठेवलात आणि म्हणालात, "हेही हत्यारच आहे. पूजा करा, पण वापरासुद्धा." दहावी नापास माणसाला कोणी कोश दिलेला मी तरी ऐकलेलं नाही. मी तो पहिल्यापासून वाचला, 'अ'पासून. लोक हसले. वर्षभरात मी इतर टायपिस्टांच्या चुका काढायला लागलो, मग वकिलांच्या, आणि मग एक दिवस तुमच्या.

कारण तुम्ही ते पुस्तक लिहायला घेतलंत. इतकी वर्षं तुम्ही जमवत होतात ते सगळं: एकोणिसाव्या शतकात कायदा शिकायला निघालेल्या पहिल्या बायका, विलायतेतल्या, अमेरिकेतल्या, आपल्याकडच्या. फुलस्केप कागदांवर तुमचं बारीक अक्षर, आठवड्याला पाच-सहा पानं. मी ती टाइप करायचो आणि खरं सांगतो, वाट बघायचो. परीक्षेला पुरुषांबरोबर बसलेल्या, पास झालेल्या, आणि तरी कागद हातात न पडलेल्या बायका. पडद्यातल्या विधवांचे अर्ज घरात बसून लिहून देणाऱ्या, आणि त्याच अर्जावर कोर्टात बोलायला मात्र पुरुष उभा राहिलेला बघणाऱ्या. नियमाच्या पुस्तकात 'तो' लिहिलंय, 'ती' लिहिलेलं नाही, म्हणून सनद नाही. तुम्ही हे मला ओट्याशी सांगत होतात. मी विचारलं, "पण बाई, कायद्यात 'तो' म्हणजे 'ती'पण धरतात ना?" तुम्ही हसलात. "धरतात की. दंड करायचा असला की 'तो'मध्ये 'ती' येते. सनद द्यायची म्हटलं की बाहेर जाते." हे वाक्य तुम्ही लिहिलं नव्हतं, बोलला होतात. मी ते माझ्या डोक्यानं अकराव्या पानावर घातलं, योग्य जागी. तुम्हाला तेवढं वाक्य वाचून दाखवलं, तुम्ही मान डोलवलीत आणि ठेवा म्हणालात. तिथेच मला वाटायला लागलं की हे पुस्तक थोडं माझंही आहे.

आता शब्दाची गोष्ट. तुम्ही त्या सगळ्या बायकांना 'वकिलीण' म्हटलं होतं. पहिल्या पानापासून. मी कोश उघडला. त्यात साफ लिहिलं होतं: वकिलाची बायको. मला वाटलं, बाईंच्या हातून घाईत झालं. ज्या बायकांनी लग्नदेखील केलं नाही त्यांना वकिलाची बायको म्हणायचं? लोक हसतील. म्हणून मी दर ठिकाणी 'स्त्री वकील' केलं. तुम्हाला विचारलं नाही. आजवर इतक्यांच्या चुका मुकाट दुरुस्त केल्या होत्या, कोणी हरकत घेतली नव्हती. त्यात त्या पावसाळ्यात तुमची तब्येत ठीक नव्हती, रविवारची तपासणी बंद होती. सगळं झाल्यावर एकदम वाचते, म्हणाला होतात. एकशे बारा पानं झाली. मी ती पुठ्ठ्याच्या फायलीत, दोऱ्यानं बांधून, घरी आणून दिली.

चार दिवसांनी बोलावलंत. तुम्ही पलंगावर उशीला टेकून बसला होतात, फाईल मांडीवर, सदतिसावं पान उघडं.

"हे काय केलंत?"

"दुरुस्ती केली."

"कोणाला विचारून?"

"कोश आहे ना, बाई. तुम्हीच दिलेला. वकिलीण म्हणजे वकिलाची बायको."

"मास्तरीण म्हणजे काय?"

"मास्तराची बायको. आणि... शिकवणारी बाई."

"आधी बायकोच होती. मग ती स्वतः शाळेत शिकवायला उभी राहिली आणि शब्द मागून गेला तिच्या, मुकाट. कुंभाराची कुंभारीण काय नुसती बसून असते? माती तीच मळते. मला हेच तर सांगायचं होतं या पुस्तकात. 'स्त्री वकील' म्हणजे काय, वकील वेगळा आणि त्याला वरून स्त्रीचं लेबल? पुन्हा टाइप करा."

"कोशात नाही ते मी टाइप करणार नाही."

हे मी बोललो. तुम्हाला. आजारी माणसाच्या खोलीत उभा राहून. तुम्ही फाईल मिटलीत आणि म्हणालात, "तुम्ही वाचत नाही. नुसतं टाइप करता." मी फाईल न उचलता निघालो. साहेब दारात चहाचे कप घेऊन उभे होते, त्यांच्या बाजूनं गेलो. चार सिग्नल मी सायकल हातात धरून चालत गेलो आणि मनात म्हणत होतो, कोशाच्या पुढे कोणी नाही. पुढचे सात महिने तुमच्या घराकडे वळलो नाही. कोर्टात तुम्ही येत नव्हतात. तुमचे कागद दुसरा टायपिस्ट न्यायचा, आणि मी त्याच्या चुका लांबून मोजायचो.

सात महिन्यांनी तुम्ही गेलात. अमरधामला, स्मशानात, आलो होतो मी. मागे उभा होतो. तेराव्यानंतर साहेबांनी निरोप पाठवला म्हणून गेलो, तर त्यांनी तुमच्या हस्ताक्षरातला सगळा गठ्ठा माझ्या हातात दिला. "तिनं सांगून ठेवलं होतं, हे त्यालाच द्या," ते म्हणाले. "आणि रागावू नका त्याच्यावर, म्हणाली. त्यानं कोशावर विश्वास ठेवला. कोश मीच दिला होता. चूक माझीच." साहेब हे सांगताना हसत होते, म्हणजे हसायचा प्रयत्न करत होते. मी मान खाली घातली. त्यांना वाटलं, दुःखानं.

बाई, तुम्ही गेलात ते हे मानून. आणि मी मानू दिलं.

मंगळवारचं राहिलं. मी बाहेर आलो, मावशींनी लगेच ओळखलं. "ह्योच त्यो, ज्यानं मला मारलं होतं!" बरोबर नात होती, पंजाबी ड्रेसमधली, हातात प्लास्टिकची फाईल. तिला लॉ कॉलेजच्या प्रवेशासाठी मध्ये एक वर्ष का गेलं याचं प्रतिज्ञापत्र हवं होतं. मी आता मशीनवर नाही, कम्प्युटरवर करतो. मजकूर घालताना मावशी शेजारी बसून बडबडत होत्या. "ही बी वकिलीण व्हनार म्हन्ती. आमच्या बाईंवानी." माझ्यातला जुना किडा वळवळला. मी गमतीनं विचारलं, "वकील नवरा बघितला वाटतं?" मावशींनी माझ्याकडे असं बघितलं, जसं त्या एकेकाळी साहेबांकडे बघायच्या, चुकीच्या माणसाला विचारल्यासारखं.

"नवरा कशापायी लागतो रं भाऊ? वकिलीण म्हंजी जी सोता भांडती ती. येवढं शिकलेलं मानूस तू, येवढं ठावं नाय?"

नात म्हणाली, "आजी, काकांना काम करू दे." मी काम केलं. शेवटाकडून वाचून तपासलं. नातीनं विचारलं, काका, असं का वाचता? मी म्हणालो, शिकवलंय एकीनं.

त्या दिवशी गाळा लवकर बंद केला आणि तुमचा गठ्ठा काढला. आता सगळं नव्यानं कम्प्युटरवर घेतोय. सुरुवातीला वाटलं, माझ्याकडे राहिलेल्या जुन्या कार्बन प्रतीवरून घ्यावं आणि मग एक कळ दाबून सगळे 'स्त्री वकील' बदलून टाकावेत. एकशे चौतीस ठिकाणं, डोळ्याचं पातं लवायच्या आत. पण तुमच्या अक्षरात बघितलं तर दोन ठिकाणी तुम्ही स्वतःच 'स्त्री वकील' लिहिलंय, मुद्दाम, जिथे कोर्टातले पुरुष बोलताहेत तिथे. साक्षीदाराच्या तोंडचा शब्द. एका कळीनं तोही गेला असता. म्हणून एकेक अक्षर तुमच्या कागदावरून घेतोय. काल सदतिसाव्या पानावर पोचलो.

त्या पानावर तुम्ही मावशींबद्दल लिहिलंय, नाव न घेता. ज्या दिवशी त्यांच्या हिश्श्याचा निकाल लागला, त्या कोर्टाच्या पायरीवर उभ्या राहून भावाच्या बायकोला म्हणाल्या, "ती बघ, ती माझी वकिलीण." वकीलसाहेबांबद्दल विचारलं नाही. तुम्ही लिहिलंय की शंभर वर्षांपूर्वीच्या त्या बायकांना कोणी सनद दिली नाही, पण त्या दिवशी एका शब्दाला मिळाली, आणि ती एका अडाणी बाईनं दिली. पुस्तकातला तो शब्द तिथून आलाय. पुस्तकच तिथून आलंय.

आणि माझ्या टाइप केलेल्या सदतिसाव्या पानावर सायखेड्याच्या मावशी कोर्टाच्या पायरीवर उभ्या राहून म्हणताहेत, "ती बघ, ती माझी स्त्री वकील."

तुम्हाला वाटलं, मी वाचलं नाही. बाई, मी वाचलं होतं. ते वाक्य टाइप करताना बोटं थांबली होती. मावशी असं कधी म्हणणार नाहीत, हे मला कळलं. तुम्ही तो शब्द का वापरलाय हेही त्याच ओळीवर कळलं, पूर्ण कळलं, कोश न उघडता. पण मागे छत्तीस पानं झाली होती, चार चार प्रती. परत करायची म्हणजे तुमच्यापुढे उभं राहून सांगावं लागलं असतं की मी चुकलो. तुम्ही रागावला नसतात. हसला असतात, आणि दुसरं काही बोलला नसतात. मी ते हसणं नको म्हणून मावशींच्या तोंडी खोटा शब्द घातला आणि पुढचं पान लावलं. नंतर पलंगाशी उभा राहून कोशाचं नाव पुढे केलं. कोशाची चूक नव्हती. तुमची तर नव्हतीच.

आज कोशात 'वकिलीण'समोर शाईनं एक ओळ वाढवली: 'वकिली करणारी बाई.' शेजारी सही केली, तुमच्या नियमाप्रमाणे. हे पत्र त्याच पानात ठेवतो. नातीला पुस्तकाची पहिली प्रत द्यायची असं ठरवलंय, पण आधी सगळं शेवटाकडून वाचून तपासायचं आहे, एकशे बारा पानं.

हे पत्र मात्र मी सरळच वाचलं, वरून खाली. उलटं वाचायचा धीर झाला नाही.